उलटी बाजू

कापडाच्या दुकानात माझ्यासारखं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. सेल्समन बिचारा ताका सर्रकन उलगडतो, कापड हातावर झुलवतो, दिव्याखाली धरतो, "ताई, पडतंय कसं बघा" म्हणतो. आणि मी ते त्याच्या हातातून घेऊन पालथं करते. "ताई, सुलटी बाजू ही." "हो, कळलं. मला ही बघायचीय." मग तो शेजारच्या सेल्समनकडे बघतो. त्या बघण्याची मला आता सवय झाली आहे.

लग्नकार्यात जरा आवरतं घ्यावं लागतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंच्या पदराला "वा, बघू?" म्हणत हात लावला की त्यांना वाटतं जरीचं कौतुक चाललंय. कौतुक असतंच, पण नजर पदराच्या पाठीकडे असते. हातमागावरची पैठणी असेल तर मोर पाठीमागूनही मोरच दिसतो, कारण एकेका रंगाचा धागा आपल्या जागेपुरता विणून शेजारच्या रंगात गुंतवलेला असतो. पाठीमागे कापलेल्या धाग्यांचं जंगल दिसलं की समजायचं, हा मोर यंत्रातून उडालेला आहे. अर्थात हे तोंडावर बोलायचं नसतं. जेवणाच्या पंगतीला अजून वेळ असतो आणि त्या बाई वधूपक्षाच्या असतात.

मी पुण्यात बँकेत नोकरी करते. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. त्या शनिवारी आणि रोज रात्री जेवणं आटपल्यावर जेवढं जमेल तेवढं शिवते. पिशव्या, बटवे, चष्म्याची घरं, अभ्रे, कुणाकडे बाळ येणार असेल तर झबली-टोपडी-दुपटी असा बाळंतविडा, आणि दोन वर्षं रेंगाळलेली एक गोधडी. शिवणाचा कोणताही कोर्स मी केलेला नाही. २०२० साली सगळ्या घरांत मास्क शिवले जात होते तेव्हा सासूबाईंचं पायमशीन माळ्यावरून खाली उतरलं, ते पुन्हा वर गेलं नाही. तीन पदरी मास्क हा शिवणाचा फार कोरडा धडा होता. आयत, चुण्या, इलास्टिक, संपलं. गंमत पुढे सुरू झाली.

मशीनचा पट्टा बदलायला गल्लीतल्या मास्तरांना बोलावलं होतं. त्यांनी माझे मास्क उचलले, आत बोट घालून उलटे केले, एक शब्दही न बोलता खाली ठेवले. मग म्हणाले, "मॅडम, घरात जुने ब्लाउज असतील ना? शिवायचं नंतर बघू. आधी ते उसवा. घाई न करता, शिवलं त्याच्या उलट क्रमाने."

सासूबाईंच्या ट्रंकेत ब्लाउजांना तोटा नव्हता. अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून घ्यायचं, तिसऱ्या-चौथ्या टाक्यावर दोरा तोडत जायचं आणि दुसऱ्या बाजूने ओढला की अख्खी टीप सुटून हातात येते. सुलट्या बाजूने ते सगळे ब्लाउज सारखेच होते. त्या काळचे कोपरापर्यंत बाह्यांचे, चार हुकांचे. आतून मात्र एकेक वेगळा माणूस निघाला. एका शिंप्याने कापड कमी पडलं म्हणून काखेखाली तिकोनी तुकडा जोडला होता आणि त्या जोडावरची फुलं पुढच्या फुलांशी जुळवली होती. काखेत कोण फुलं बघणार! एकाने हुकपट्टीच्या आत वर्तमानपत्राचा कपटा तसाच शिवला होता, धुऊन धुऊन त्याचा लगदा झालेला. एकाचे टक्स इतके नेमके टोकाला मिटलेले की सुईची टोकं वाटावीत.

आणि बगलांमध्ये माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखून ठेवलेलं जादा कापड. दोन्ही बाजूंना चांगली बोटभर, आणि तिच्यात एकाशेजारी एक तीन टिपा. आतली टीप लग्नानंतरची. अंग भरलं तशी ती उसवायची आणि बाहेरची कामाला यायची. एका जांभळ्या ब्लाउजाची सगळ्यात बाहेरची टीपही उसवून पुन्हा आतली मारलेली होती. नवऱ्याला विचारलं तेव्हा समजलं, सासूबाईंना टायफॉइड होऊन त्या फार वाळल्या होत्या ते वर्ष. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

हल्लीचे तयार कुर्ते उलटे करून बघा. कापाकाप झाली की कडेने ओव्हरलॉक, आणि त्याला खेटून टीप. अर्ध्या सेंटीमीटरचीसुद्धा माया नाही. तुमचं माप पुढच्या दिवाळीपर्यंत बदलणार नाही अशी त्या कुर्त्याला खात्री असते, किंवा बदललं तर तुम्ही दुसरा घ्याल अशी. कापड वाचवण्याचा हिशेब मला समजतो, रोज हिशेबच करते मी. पण हजारांच्या भावात विकलेल्या कुर्त्यात दोन इंच कापडाची कंजुषी बघितली की चिडचिड होतेच.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कापड आणायला निघते. नळस्टॉपला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि मंडईला वर यायचं. सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला त्याआधी हीच फेरी म्हणजे रविवार पेठेत स्कूटर लावायला जागा शोधण्यात अर्धा वेळ आणि ती उचलून तर नेली नाही ना या धास्तीत उरलेला अर्धा. आता मोकळ्या हातांनी उतरते. वर आलं की १८८६ सालची मंडईची दगडी इमारत समोर, डोक्यावर तो अष्टकोनी मनोरा, आणि पायाशी कोथिंबिरीच्या जुड्या.

मेट्रोतला वेळही वाया जात नाही. लोक मोबाइल बघतात, मी शिवणी बघते. पाठीवरच्या सॅका कुठे उसवतात याचा माझा चांगला अभ्यास झाला आहे. पट्टा जिथे वर जोडलेला असतो त्या एका इंचात. तिथे नुसत्या आडव्या टिपा असतील तर वर्षभरात गेल्याच. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर ओझं चारी बाजूंना वाटलं जातं. माझ्या समोर उभ्या असलेल्या एका मुलाच्या सॅकचा पट्टा शेवटच्या चार टाक्यांवर लोंबत होता आणि आत लॅपटॉप. मी त्याला सांगितलं. त्याने कानातलं काढलं, "काय काकू?" म्हणाला, मी परत सांगितलं, त्याने "हो हो" केलं आणि कानातलं परत घातलं. असो.

तुळशीबागेत मी फार रेंगाळत नाही. रेंगाळले तर पिना, लेस आणि नको असलेल्या तीन गोष्टी घेऊन बाहेर पडते. खरं काम लक्ष्मी रस्ता ओलांडून पलीकडे, रविवार पेठेत, कापडगंजाच्या बाजूला आणि बोहरी आळीत. इथे दुकानं अशी की पुढे एक फळी, त्यावर मालक आणि मागे अंधारात छतापर्यंत ताके. मांजरपाट, पॉपलिन, केंब्रिक, अस्तराची टू बाय टू रुबिया, पिशव्यांसाठी कॅनव्हास, बकरम. चेन मीटरवर मिळते, रनर वेगळे मोजून घ्यायचे. पट्टे किलोवर. इथले मालक उलटी बाजू बघणाऱ्यांकडे विचित्र नजरेने बघत नाहीत, कारण त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक शिंपी असतात.

पाठ बघून काय कळतं? पुष्कळ. रंगवलेल्या सुताने विणलेलं चौकड्यांचं कापड दोन्हीकडून सारखं दिसतं. छापलेल्या कापडाची पाठ फिकी. ठशांच्या छपाईत रंग आत मुरलेला असला तर पाठीमागे नक्षीची सावली तरी दिसते; वरवर छापलेल्या स्वस्त प्रिंटची पाठ पांढरीफटक, आणि ते कापड पाचव्या धुण्याला पुढूनही तसंच होतं. कच्छचे कारागीर अजरख या ठशांच्या छपाईचा एक प्रकार दोन्ही बाजूंनी छापतात, त्याला बिपुरी म्हणतात. पुढची नक्षी आणि मागची नक्षी ठशाला ठसा लावून जुळवायची. नेसणारा माणूस एका वेळी एकच बाजू बाहेर ठेवणार, तरी.

सुती आहे की नाही हे मात्र नुसतं बघून सांगता येत नाही. कडेचा एक धागा काढून काडीने पेटवायचा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास आणि चिमटीत विरघळणारी राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी. एका दुकानात मी हे करायला लागले तेव्हा मालकांनी शांतपणे काडेपेटी पुढे सरकवली. "जाळा, ताई. आमचा माल जळतो." तिथून मी आजवर जे काही कापड नेलं ते सगळं जळणारंच निघालं.

खरेदी झाली की अमृततुल्यात एक चहा, आणि कधी कधी बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन येते. काका केळकरांनी १९२०च्या आसपास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला, हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. शाळेच्या सहलीत सांगतातच. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणे. मी दिवे, अडकित्ते, वाद्यं ओलांडून कपड्यांपाशी थांबते. काचेमागच्या कपड्याबद्दल माझं एकच गाऱ्हाणं आहे, आणि ते या संग्रहालयापुरतं नाही, जगातल्या सगळ्याच संग्रहालयांबद्दल आहे. ते कापड सुलटं टांगतात. ज्यांनी ते विणलं, भरलं, शिवलं त्यांचा हात जिथे दिसतो ती बाजू भिंतीकडे. खाली एक आरसा लावला तर काय बिघडेल? ज्यांना बघायचं ते वाकून बघतील.

औरंगाबादचं हिमरू घ्या. समोरून वेलबुट्टी. नक्षीचे जादा आडवे धागे जिथे पुढे लागत नाहीत तिथे ते पाठीमागे मोकळे तरंगतात, आणि त्यामुळेच ते कापड अंगाला मऊ आणि उबदार लागतं. म्हणजे ऊब मागच्या पसाऱ्याची. मशरूची तर सगळी युक्तीच दोन बाजूंची आहे. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि वीण अशी की रेशीम वर येतं आणि सूत खाली राहतं. पुरुषांनी रेशीम अंगाला लावू नये असा इस्लाम धर्माचा दंडक, त्यावर विणकरांनी काढलेली ही वाट. लोकांना रेशमी दिसायचं, कातडीला सुती लागायचं. हे पुढून बघून कळणारच नाही.

आता पिशव्या. महाराष्ट्रात जून २०१८मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी लागू झाली आणि घरोघरी कापडी पिशव्यांची आठवण झाली. आता बंदी कुठे आहे ते मंडईत जाऊन बघावं. पण तेव्हा लोकांनी हौसेने शिवलेल्या, वाटलेल्या पिशव्यांत बहुतेक एकच गोष्ट राहून गेलेली असायची. त्या आतून कुणी शिवल्याच नव्हत्या. बाहेर सुंदर काठ, आत सगळीकडे सुटलेले धागे. वांग्यांचं ठीक आहे, पण तोंडल्याचं देठ, भेंडीचं टोक, किल्ल्यांचा जुडगा हे त्या धाग्यांत अडकतात आणि मग एकेक शिवण उसवत येते.

माझ्या पिशव्या मी बाहेर नेऊन आणूनच सुधारल्या. मंडईच्या पिशवीला पट्टा तोंडाशी जोडून चालत नाही. तो दोन्ही बाजूंनी खाली उतरवून पिशवीच्या तळाखालून फिरवून आणायचा, म्हणजे पाच किलो बटाटे कापडावर नाही, पट्ट्यावर बसतात. अस्तर नको असेल तर फ्रेंच शिलाई. आधी उलट्याला उलटं जोडून बारीक टीप, मग पालथी करून ती कड आत कोंडून दुसरी टीप. आत हात फिरवला तर एकही धागा लागत नाही. कॅनव्हासला मशीनची १४ नंबरची सुई कुरकुरते, १६ किंवा १८ची घालायची. मेट्रोच्या पिशवीला बाहेरच्या बाजूला कार्डाचा एक उभा कप्पा, पण अंगाकडच्या बाजूने, लोकांकडच्या नाही. आणि एसटीच्या प्रवासाला पाण्याच्या बाटलीसाठी आत एक लूप, म्हणजे पिशवी आडवी झाली तरी बाटली उभी. हे टेबलाशी बसून सुचलं नसतं. शिरवळच्या अलीकडे सुचलं.

खणाची पिशवी हा तर स्वतंत्र विषय. मधली काही वर्षं खणाचं इतकं पीक आलं की डायरीला खण, कानातल्याला खण, मोबाइलच्या कव्हराला खण. बहुतेक ते पॉवरलूमवरचं पॉलिएस्टर. दिसायला हरकत नाही, पण मला मूळ कापड बघायचं होतं. योग आला तो कुलदैवतामुळे. आमची बनशंकरी, बदामीजवळची. दर्शन झालं, नवरा म्हणाला आता लेणी बघू, मी म्हटलं लेणी हजार वर्षं कुठे गेली नाहीत, आधी गुळेदगुड्ड.

बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव, बदामीहून जवळ. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या ओट्यांमध्ये पडलेले खण इथल्या मागांवरचे. त्यामुळे पुण्याचे म्हटल्यावर वेगळी ओळख लागली नाही. एका घरात पुढच्याच खोलीत खड्डामाग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेले आजोबा, पावड्या पायाखाली, हातात धोट्याची दोरी. त्यांना मराठी जेमतेम, मला कानडी शून्य, मध्ये त्यांचा नातू. मी बराच वेळ बघितलं आणि मग नातवाला म्हटलं, खालून बघू का? त्याला वाटलं मला खड्ड्यात उतरायचंय. शेवटी आजोबांनीच ओळखलं. बाजूला ठेवलेला विणलेला खण उचलला, पालथा केला आणि माझ्या हातात दिला.

खणाची नक्षी उभ्या जादा धाग्यांची असते. जिथे नक्षी नाही तिथे ते धागे पाठीमागे मोकळे राहतात. पुढे नीट रांगेत तुळशीवृंदावन, मागे सुटे धागे. नखाने अलगद उचलता येतील असे. तेव्हा कळलं की खणाच्या चोळीला अस्तर का लावतात आणि पिशवीला ते का टाळताच येत नाही. बोटातली अंगठी, चेनचा रनर, सगळं त्या धाग्यांत अडकणार. पन्हाही चोळीच्या मापाचा, अरुंद, दोन्ही कडांना काठ. काठ बाह्यांच्या तोंडाशी यावा अशा हिशेबानेच विणलेला. पिशवीचं बेतायचं तर डोकं चालवावं लागतं, नाहीतर काठ तळाशी जातो आणि जमिनीला घासतो. नातू म्हणाला, पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक येतात, व्हिडिओ काढतात. मग आजोबा काहीतरी म्हणाले आणि दोघं हसले. काय म्हणाले ते मला सांगितलं नाही. लेणी आम्ही संध्याकाळी धावतपळत बघितली.

त्याच सहलीत इरकल साडीही उलटीसुलटी करून झाली. इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी, आणि दोघांचे ताणे, म्हणजे उभे धागे, फासे टाकून एकमेकांत अडकवलेले, त्याला टोपी-तेणी म्हणतात. जोडाच्या जागी नखाने चाचपलं की ती ओळ लागते. कसुतीचं भरतकामही तिथलंच. त्यातले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, गाठ न मारता, कापडाचे धागे मोजत भरायचे. सुई जाताना एक टाका सोडत जाते आणि येताना तो भरत येते. नेगी आणि मेंथी मात्र पाठीमागे निराळे दिसतात. मी गवंतीचा एक रुमाल भरायला घेतला आहे. धागे मोजायला बाहेरचा उजेड लागतो, तेव्हा रविवारी सकाळी सोसायटीच्या बाकावर बसते. जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय, विणकाम?" मी हो म्हणते.

आता ज्या प्रश्नाशी माझी दर सणाला गाठ पडते तो. आमच्या मोठ्या नणंदबाई हौशी आणि व्यवहारी. दिवाळीला त्यांना खणाची पिशवी दिली, त्यांनी खांद्याला लावून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ऑर्डरी घे की! केवढं छान करतेस. माझ्या भिशीतल्या आठ जणी लगेच घेतील."

"नाही हो ताई, विकायचं नाही मला."

"का? लाज वाटते?"

लाज अजिबात वाटत नाही. बँकेत बसून कर्जाची प्रकरणं बघते मी. धंदा म्हणजे काय ते मला माहीत आहे. खण, अस्तर, कॅनव्हास, चेन, पट्टा, दोरा मिळून एका पिशवीचं सामान तीनशेच्या घरात. वर एक अख्खी संध्याकाळ. त्यातला निम्मा वेळ आतल्या बाजूला जातो. अस्तराच्या कडा दुमडणं, कप्प्याच्या कोपऱ्यांना तिरक्या कापलेल्या कापडाची उरेप पट्टी, दोऱ्याची टोकं सुईने आत घेणं. ताईंच्या मैत्रिणींना मी हे सगळं धरून किंमत सांगितली तर त्या म्हणतील प्रदर्शनात चारशेला मिळते. आणि त्या खरं बोलतील. चारशेला विकायची तर मला आतली बाजू सोडून द्यावी लागेल. ओव्हरलॉक मारायचा आणि पुढे सरकायचं. तयार कुर्तेवाले तेच करतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण पगार द्यायचे असतात. पण मला कुणाचे पगार द्यायचे नाहीत. काखेतली फुलं जुळवायला त्या शिंप्याला कापड कमी पडल्याचं निमित्त होतं. मला तेवढंही निमित्त लागत नाही, ही माझी चैन आहे. सोनं घेत नाही, हॉटेलिंग फार नाही, हे एवढं करते.

हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी उघडली, आत हात फिरवून बघितला. "बरं बाई," म्हणाल्या. "मग मला एक अजून दे, फुकटच आहे तर."

राहिली गोधडी. आजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर मराठीत इतकं लिहून झालंय की त्या उबेत आणखी कुणी शिरण्याला जागा नाही. मी फक्त अडचण सांगते. सुती लुगडी आहेत कुठे? एक नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. अशा दोन-तीन लुगड्यांत गोधडीचे थर आरामात होत. आमच्या पिढीच्या कपाटातून निघतात त्या जॉर्जेट, सिंथेटिक सिल्क, शिफॉन. थर एकमेकांवरून सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि उन्हाळ्यात पांघरलं तर चिकटतात. दिसायला रंगीत, कामाला शून्य. म्हणून आतले थर मी जमवत बसले आहे. जुन्या सुती ओढण्या, धोतरं, नवऱ्याचे झिजलेले लेंगे.

शिकवायला खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत, माण तालुक्यातल्या. त्या कडेपासून सुरू करतात आणि धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्याकडे येतात. टेबल नको, फ्रेम नको, जमिनीवर पसरायची आणि स्वतः तिच्यावर बसायचं. माझा पहिला चौकोन बघून त्यांनी गोधडी उलटी केली आणि पाठीवरून तळहात फिरवला. "टाका बारीक घाल गं. रातच्याला पोराचं बोट अडकतंय लांब टाक्यात. पैंजण बी." गाठीही वर दिसू द्यायच्या नाहीत, दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायच्या. एका प्रदर्शनात सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, बघितल्या होत्या, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या. त्यांचे फोटो काकूंना दाखवले. त्याही कडेपासून आत शिवत येतात, आणि कोपऱ्यांवर तिकोनी तुकडे दुमडून फुलं लावतात. फुलं नसतील तर ती कवंदी नागडी म्हणे. काकूंनी फोटो मोठा करून करून बघितला. "आमच्यासारकंच की. फुलं लावू आपन बी. मागं काय हाय ते दाव." मागचा फोटो मी काढला नव्हता, तिथे हात लावू नये अशी पाटी होती.

पाठीला लावायला मात्र अख्खी सुती साडी हवी, आणि ती मिळेना. काकूंनीच सुचवलं, बोहारणीला सांग. आमच्या भागात एक बोहारीण महिन्या-दोन महिन्यांनी येते. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलचे डबे, खांद्यावर गाठोडं. मी तिला थांबवलं आणि उलटा सौदा सांगितला. मला भांडं नको, तुझ्या गाठोड्यातली सुती साडी दे, बदल्यात काय घेतेस? तिला आधी पटेना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडून जुनेर मागत होतं. मग गाठोडं सोडलं. हिरवी, बारीक चौकड्यांची, अजून धड असलेली एक साडी मी काढली. तिने ती माझ्या हातातून परत घेतली, उजेडाकडे धरली, आधी पुढून मग मागून, पदराजवळ विरलेली दोन ठिकाणं मला स्वतःच दाखवली आणि म्हणाली, "वयनी, म्हंजे फसवली म्हनू नका. दोन रेशमी द्या."

मी एक रेशमी आणि एक जॉर्जेट म्हटलं. तिने जॉर्जेट हातात घेतली, पालथी केली, नाक मुरडलं. "ही कोन घेतंय?" शेवटी एक रेशमी, नवऱ्याची एक पँट आणि वर चहा, यावर सौदा पटला. पँट नवऱ्याला विचारून दिलेली नाही. तो विचारीपर्यंत गोधडीची पाठ लागलेली असेल, असा अंदाज आहे.